लेस्टरचे काप

इंग्रज लोक लिहितात एक आणि वाचतात दुसरें, ही तक्रार आम्हीं वर्गांत पुष्कळ वर्षें ऐकली आणि प्रत्येक वेळीं मुलांची समजूत घातली. परंतु सन २०२३ च्या जून महिन्यांत लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकावर गाड्यांचा फलक वाचतांना आमचीच समजूत घालण्याची पाळी चिरंजिवांवर आली. फलकावरील नांवाचा उच्चार आम्हीं 'लायसेस्टर' असा खणखणीत केला. शेजारीं उभ्या असलेल्या एका बाईंनीं सौजन्यानें मान दुसरीकडे फिरविली. गांवाचें नांव लेस्टर. मधलीं तीन अक्षरें केवळ शोभेचीं आहेत. पाणिनीनें अदर्शनाला लोप म्हटलें आहे. येथें अक्षर डोळ्यांना धडधडीत दिसतें आणि कानांना मात्र सांपडत नाहीं. अशा लोपाची सोय आमच्या व्याकरणांत नाहीं.

गाडीनें तासाभराहून किंचित् अधिक वेळ लागतो. गांव सपाट, घरें तांबड्या विटांचीं, आणि मधून सोअर नांवाची एक संथ नदी वाहते. वाईस कृष्णेच्या कांठीं उभा जन्म काढलेल्या माणसाला ही नदी पाहून कालव्याची आठवण होते. परंतु यजमानांच्या नदीला नांवें ठेवूं नयेत. येथील मोटारी उभ्या करण्याच्या एका आवाराखालीं सन २०१२ मध्यें तिसऱ्या रिचर्ड राजाच्या अस्थि सांपडल्या, आणि २०१५ मध्यें येथील प्रमुख देवळांत त्यांचें पुन्हां दफन झालें. पांचशें वर्षें राजा जमिनींत पडून होता आणि वरून लोक मोटारी नेत होते, हें ऐकून आमच्या सौभाग्यवतींना फार वाईट वाटलें. "एवढा राजा, आणि कोणाला ठाऊक नाहीं!" असें त्या दोन दिवस म्हणत होत्या.

बेलग्रेव्ह रस्त्यावर गेलें कीं विलायत संपते. साड्यांचीं दुकानें, सोनारांच्या पेढ्या, मिठाईवाले, कोपऱ्यावर कढीलिंबाच्या जुड्या, आणि महात्माजींचा पुतळा. सन १९७२ मध्यें युगांडाच्या इदी अमीननें तेथील हिंदी लोकांना नव्वद दिवसांच्या मुदतीनें देशाबाहेर काढलें, तेव्हां लेस्टरच्या नगरपालिकेनें तेथील वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन 'आमच्याकडे येऊं नका, जागा नाहीं' असें कळविलें होतें. तरी लोक आलेच; आणि आज तीच नगरपालिका दिवाळीच्या रोषणाईसाठीं नांवाजली जाते. ह्या रस्त्यावर आमचें अडलें नाहीं. आमच्या मोडक्या गुजरातीला दुकानदार उत्तम मराठींत उत्तर देई. त्याचा मामा म्हणे दादरला होता.

आतां बटाट्याकडे वळूं. लेस्टरची खरी प्रसिद्धि, निदान तेथील शाळकरी मुलांत, राजाच्या अस्थींमुळें नसून बटाट्याच्या तळलेल्या पातळ कापांमुळें आहे. ह्यांस आपण वेफर म्हणतों, अमेरिकन 'चिप्स' म्हणतात, आणि इंग्रज 'क्रिस्प' म्हणतात. इंग्रजाला 'चिप्स' म्हटलें तर तो बटाट्याचीं जाड बोटें तळून पुढें ठेवतो. हेन्री वॉकर नांवाचा एक खाटीक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ह्या गांवीं धंद्यास आला. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडांत मांस मोजूनमापून मिळे. तें नियंत्रण १९५४ पर्यंत चाललें. दुकानांतलीं माणसें रिकामीं बसूं लागलीं, तेव्हां १९४८ मध्यें त्या पेढीनें बटाटे चिरून तळण्यास आरंभ केला. मांसाचा तुटवडा पडला म्हणून खाटकानें बटाटा हातीं धरला, असा हा इतिहास आहे. पेढी पुढें १९८९ मध्यें अमेरिकन कंपनीकडे गेली, परंतु कारखाना लेस्टरलाच राहिला, आणि तो जगांतील ह्या जातीच्या मोठ्या कारखान्यांपैकीं एक समजला जातो.

काप प्रथम कोणीं तळले ह्याविषयीं एक कथा सर्वत्र सांगतात कीं, १८५३ मध्यें अमेरिकेंतील साराटोगा गांवीं जॉर्ज क्रम नांवाच्या आचाऱ्यानें एका चिडखोर गिऱ्हाइकावर रागावून बटाटा कागदासारखा पातळ चिरला. कथा गोड आहे, परंतु लंडनच्या विल्यम किचिनर नांवाच्या गृहस्थानें १८१७ मध्यें छापलेल्या पाकशास्त्रांत असे तळलेले काप अगोदरच आहेत. चव लावण्याचें प्रकरण मात्र अलीकडचें. १९२० च्या सुमारास लंडनच्या फ्रँक स्मिथनें कापांच्या पिशवींत मिठाची निळी पुडी घालण्यास सुरुवात केली. आणि १९५४ च्या सुमारास डब्लिनच्या जो मर्फीनें चीज आणि कांद्याची भुकटी कापांवर भुरभुरविली. तेथून जी दारें उघडलीं तीं अद्याप बंद झालेलीं नाहींत.

ह्या दारांतून आमचा प्रवेश व्हावा असा आमचा मुळींच संकल्प नव्हता. कारण झाली आषाढी एकादशी. ती त्या वर्षीं २९ जूनला, गुरुवारीं होती. सौभाग्यवतींनीं वाईहून निघतांना पत्र्याच्या एका डब्यांत वाळवणाचे बटाट्याचे काप घेतले होते. चैत्रांत मोठाले बटाटे सोलावयाचे, किसणीवर काप पाडावयाचे, तुरटीच्या पाण्यांत टाकून पांढरे करावयाचे, उकळत्या खारट पाण्यांतून अर्धेकच्चे काढावयाचे, आणि गच्चीवर धोतरावर एकेक पसरून कडकडीत उन्हांत दोन दिवस वाळवावयाचे, हा क्रम वाचकभगिनींना सांगावयास नको. वाळला म्हणजे काप शिंगासारखा अर्धपारदर्शक होतो आणि वर्षभर टिकतो. लेस्टरला उन्हाचा काय भरंवसा, म्हणून डबा घरूनच नेला होता. एकादशीला त्यांतले ओंजळभर तळले, वर मीठ, तिखट आणि जिऱ्याची पूड टाकली.

बटाटा हा मूळ दक्षिण अमेरिकेंतला, पोर्तुगीजांबरोबर इकडे आलेला, आणि नांवही त्यांच्याच भाषेंतून घेऊन आलेला. हा परदेशी पाहुणा पंढरीच्या उपवासाला कसा चालूं लागला, असा प्रश्न आम्हीं पूर्वीं एका वैदिक मित्रांस केला होता. त्यांनीं, कंदमूळ आहे, धान्य नव्हे, एवढेंच उत्तर दिलें आणि साबुदाण्याची खिचडी पुढें ओढली.

सूनबाई तेथील एका प्राथमिक शाळेंत शिक्षिकेच्या हाताखालीं काम करतात. उरलेले काप त्यांनीं दुसऱ्या दिवशीं शाळेंत नेले. संध्याकाळीं डबा रिकामा आला आणि बरोबर निमंत्रण आलें. सत्र संपावयास आठवडा होता. शेवटच्या शुक्रवारीं शिक्षकमंडळी चमत्कारिक चवींचे क्रिस्प आणून डोळे बांधून ओळखण्याचा खेळ खेळत असत. त्यांत ह्या वेळीं आमच्या घरचे काप असावेत आणि आम्हीं उभयतांनींही यावें, असा सर्वांचा आग्रह होता. "बाबा, तुम्हांला शिक्षकखोलींत बरं वाटेल," असें सूनबाई म्हणाल्या. हें त्यांनीं बरोबर ओळखलें होतें. निवृत्त झाल्यापासून शाळेच्या घंटेचा आवाज कानावर पडला कीं आमचें चित्त ठिकाणावर राहत नाहीं.

शिक्षकखोली जगांत सर्वत्र एकच आहे असें आमचें मत झालें. तीच मोडक्या दांड्याच्या कपांची रांग, तीच न तपासलेल्या वह्यांची चवड, तीच एक खुर्ची जींवर दुसऱ्या कोणीं बसावयाचें नसतें. फरक इतकाच कीं आमच्याकडे ती खुर्ची मुख्याध्यापकांची असे, येथें ती शाळेंतील सर्वांत जुन्या शिपाईबाईंची होती.

टेबलावर कागदी वाट्यांतून काप ओतून ठेवले होते आणि वाट्यांवर केवळ आंकडे होते. पिशव्या लपविल्या होत्या, आणि तें अवश्यच होतें. कारण तेथील लहान मुलेंसुद्धां पिशवीच्या रंगावरून चव सांगतात. त्यांतही गंमत अशी कीं, इतर कंपन्या चीज-कांद्याला हिरवा आणि शिरक्याला निळा रंग देतात, तर लेस्टरची कंपनी नेमकें उलट करते, आणि त्यावर मंडळी हिरीरीनें भांडतात. सूनबाईंनीं अगोदरच प्रत्येक पिशवीवरील बारीक अक्षरें वाचून, ज्यांत प्रत्यक्ष मांसाचा अंश होता अशा दोन पिशव्या बाजूस काढल्या होत्या. हें वाचणें विलायतेंत अगत्याचें आहे. कोंबडीच्या चवीच्या कापांत कोंबडी नसावी आणि चीजच्या कापांत कधीं कधीं वासराच्या जठरांतील पाचक रस असावा, असा तेथला व्यवहार आहे. सन २०१३ मध्यें एका मोठ्या कंपनीनें, पूर्वीं निर्मांस असलेल्या दोन मांसनामक चवींत खरें मांस घालण्यास सुरुवात केली, तेव्हां शाकाहारी आणि मुसलमान गिऱ्हाइकांनीं एकत्र तक्रार केली होती.

खेळाला आरंभ झाला. पहिल्या वाटींत साधें मीठ होतें. तें सर्वांनीं ओळखलें. दुसरींत मीठ आणि शिरका. हा आंबटपणा चिंचेचा नव्हे, कैरीचा नव्हे, अमसुलाचा तर नव्हेच. तो सरळ नाकांत चढतो आणि डोळ्यांतून बाहेर पडतो. सौभाग्यवतींनीं पदर डोळ्यांना लावला तो पाहून एका शिक्षिकेनें धांवत जाऊन पाणी आणलें. तिसऱ्या वाटीनें आम्हांस कोड्यांत टाकलें. खारट म्हणावें तर नुसतें खारट नव्हे. किंचित् कडू, किंचित् करपलेलें, आणि जिभेवर बराच वेळ रेंगाळणारें. नैयायिकांचे सहा रस आम्हीं मनांत मोजले: मधुर, अम्ल, लवण, कटु, कषाय, तिक्त. ह्यांपैकीं एकही पुरेसा लागू पडेना. येथें एक विषयांतर करण्याची परवानगी असावी. संस्कृतांतला कटु म्हणजे आपलें तिखट, आणि तिक्त म्हणजे आपलें कडू. 'कडू' हा शब्द आला 'कटु'पासून, परंतु घरांत शिरतांच त्यानें तिक्ताची जागा बळकाविली. विद्यार्थ्यांना हा गोंधळ समजावतांना आमच्या घशाला अनेकदां कोरड पडली आहे.

वाटींतला पदार्थ 'मार्माइट' नांवाच्या काळ्या चोप्याच्या चवीचा निघाला. हा चोपा १९०२ पासून बर्टन येथें बनतो, आणि तो बीयर गाळल्यावर उरलेल्या किण्वापासून काढतात! शाळेंत विज्ञान पाहणाऱ्या एका बाईंनीं सांगितलें कीं, ह्या चवीला जपानी नांव आहे. टोकियोच्या इकेदा नांवाच्या रसायनज्ञानें १९०८ मध्यें समुद्रांतील एका पाल्याच्या कढणांतून ती वेगळी काढली आणि 'उमामी' म्हटली. म्हणजे आधुनिकांचे रस पांच: गोड, आंबट, खारट, कडू आणि हा. तिखटाला ते रसच मानीत नाहींत. तो केवळ दाह आहे म्हणतात. तिखटाशिवाय रसांची यादी करणाऱ्या शास्त्रावर कोल्हापूरच्या माणसाचें काय मत होईल तें आम्ही जाणून आहों.

ह्याच बाईंनीं आम्हांस एक प्रयोग करावयास लावला. नाक चिमटींत धरा आणि खा. आम्हीं खाल्लें. मीठ कळलें, आंबट कळलें, थोडें गोड कळलें. परंतु पदार्थ कोणता तें मुळींच कळलें नाहीं. चिमटी सोडतांच घशाच्या मागून वास वर चढला आणि जणूं दिवा लागला. आपण जिला चव म्हणतों तिचा मोठा भाग नाकाचा असतो, जिभेचा नसतो. न्यायशास्त्रांत गंध हा केवळ पृथ्वीचा गुण म्हटला आहे. बटाटा तर साक्षात् भूमिपुत्र, तेव्हां येथें शास्त्राला बाध येत नाहीं असें आम्हीं मनांत म्हटलें.

चौथी वाटी आम्हांस फार आवडली. आंबटगोड, किंचित् लालसर, टोमॅटोच्या सारांत साखर थोडी जास्त पडावी तशी. आम्हीं मोठ्यानें "टोमॅटोचें सार" असें सांगितलें, सूनबाईंनीं भाषांतर केलें, आणि अर्धे गुण मिळाले. मग झांकलेली पिशवी काढली. नांव होतें 'प्रॉन कॉकटेल', म्हणजे कोळंबीचा एक थंड पदार्थ. आमच्या हातांत तेव्हां तिसरा काप होता.

तो आम्हीं खालीं ठेवला. सूनबाई घाईनें म्हणाल्या, "बाबा, त्यांत कोळंबी नाही हो. मी वाचलंय. शाकाहाऱ्यांना चालेल असं छापलंय." आणि खरोखरच छापलेलें होतें. तो पदार्थ ज्या टोमॅटोच्या गोड सॉसमध्यें बुडवून खातात, त्या सॉसचीच ती चव होती. कोळंबीला त्या कापांनीं जन्मांत पाहिलेलें नव्हतें. तरी हात पुढें जाईना. विज्ञानाच्या बाई, आमच्याकडून कांहीं अपराध झाला का, असें विचारूं लागल्या, आणि आम्ही नाहीं नाहीं म्हणत राहिलों.

वातावरण हलकें करण्याकरितां असेल, तेथील एका वृद्ध शिक्षकांनीं सांगितलेली हकीकत येथें नमूद करतों, कारण ती व्याकरणाची आहे. वेल्सच्या सरहद्दीवरील वेल्शपूल गांवीं एका खानावळवाल्यानें १९८१ च्या सुमारास 'साळू'च्या चवीचे काप विकावयास काढले. त्यांत साळू अर्थातच नव्हता. सरकारी व्यापारखात्यानें हरकत घेतली: साळू नाहीं तर साळूचें नांव कां? शेवटीं तडजोड अशी झाली कीं पिशवीवर 'हेजहॉग फ्लेवर्ड' ऐवजीं 'हेजहॉग फ्लेवर' असें छापावें. 'फ्लेवर्ड' म्हणजे त्या पदार्थानें चव आणलेलें. 'फ्लेवर' म्हणजे त्या पदार्थासारखी चव असलेलें. दोन इंग्रजी अक्षरांवर साळूचे प्राण वांचले! हा तृतीया तत्पुरुष आणि बहुव्रीहि ह्यांमधलाच भेद आहे, असें आम्हीं समजावून सांगूं लागलों. परंतु सूनबाईंना भाषांतर जमेना, आणि घंटाही होत आली होती.

त्याच गृहस्थांनीं २००९ सालची आठवण सांगितली. लेस्टरच्या कंपनीनें लोकांकडून नव्या चवी मागविल्या आणि सहा निवडून बाजारांत मतास टाकल्या. त्यांत एक खारीची होती (खार अर्थात् नाहीं), एक मिरची आणि चॉकलेटची, आणि एक कांद्याच्या भज्यांची. विजयी ठरली गवंड्याच्या न्याहारीची चव. सुचविणाऱ्याला पन्नास हजार पौंड आणि पुढच्या विक्रीवर शेंकडा एक, असें बक्षीस होतें. परंतु ती चव पुढच्याच वर्षीं बाजारांतून गेली. बेलग्रेव्ह रस्त्यावर कढईंतलीं भजीं गरम मिळत असतां त्यांच्या वासाचे काप त्याच गांवांत कोणीं कां घ्यावेत, हें आम्हांस उमगलें नाहीं.

पांचवी वाटी आमच्या घरची होती. ती ओळखण्यांत सगळे चुकले. कोणी मेक्सिको म्हणालें, कोणी मोरोक्को. मुख्याध्यापिकाबाईंनीं कागद मागून कंपनीचें नांव लिहून घेण्याची तयारी केली. सौभाग्यवती उठून उभ्या राहिल्या आणि जन्मांत प्रथमच इंग्रजींत बोलल्या. "माय टेरेस," एवढेंच म्हणाल्या. लोकांनीं टाळ्या पिटल्या.

रात्रीं आम्हांस झोंप लागेना. प्रश्न बाहेरून हास्यास्पद असला तरी आंतून टोंचत होता. पदार्थ शुद्ध, नांव अशुद्ध, दोष कशाला? वास घेतला म्हणजे अर्धें जेवण झालें असें आपल्याकडे म्हणतात. मग ज्यांत वासही कोळंबीचा नव्हता, नुसतें तिचें नांव होतें, तेथें किती जेवण झालें? आणि नांव कळण्यापूर्वीं जे दोन काप आवडीनें खाल्ले, त्यांचें काय? वडिलांनीं बाहेरच्या पाण्यालाही कधीं तोंड लावलें नव्हतें. ते असते तर काय म्हणाले असते, ह्याचा विचार करीत पडलों असतां पलीकडून आवाज आला, "अहो, बटाटाच खाल्लात ना?" आम्हीं हो म्हटलें. "मग निजा आतां." हा निर्णय कोणत्या ग्रंथाच्या आधारें झाला तें आम्हीं विचारलें नाहीं. मात्र दुसऱ्या दिवशीं बाजारांतून त्या जातीची एक पिशवी विकत आणली, आणि तिच्याबरोबर मार्माइटची, शिरक्याची आणि स्कॉटलंडच्या 'हॅगिस' चवीची. हॅगिस म्हणजे काय तें येथें लिहीत नाहीं. पिशवींतला प्रकार निर्मांस होता एवढें पुरे.

ह्या पिशव्या आणण्याचें कारण आमचे वाईचे सहकारी. दर सोमवारीं संध्याकाळीं गणपती घाटावर, ढोल्या गणपतीच्या देवळाच्या अंगाला, आम्हां निवृत्त शिक्षकांची बैठक भरते. गणिताचे मास्तर, भूगोलाचे मास्तर, ड्रॉइंगमास्तर आणि आम्ही. ऑगस्टअखेर परत आल्यावर पहिल्याच सोमवारीं आम्हीं पिशव्या घेऊन गेलों. विमानांत आणि मग घाट चढतांना हवा विरळ होत गेल्यामुळें त्या फुगून उशांसारख्या झाल्या होत्या. एक फोडतांच फटाका वाजला आणि पायरीवरचें कुत्रें पळालें. सौभाग्यवतींनीं घरचेही काप ताजे तळून डब्यांत दिले होते.

गणिताचे मास्तर कारवारकडचे सारस्वत. आमच्यांत कोळंबीचा न्याय करण्याचा अधिकार त्यांना एकट्यांना होता, म्हणून ती पिशवी प्रथम त्यांच्यापुढें ठेवली. त्यांनीं एक काप खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि गंभीरपणें म्हणाले, "शास्त्रीबुवा, तुम्ही सुखानें स्नानसंध्या करा. कोळंबी अशी लागत असती तर आमच्या पूर्वजांनीं ती केव्हांच सोडली असती." लेस्टरला रात्रभर जें सुटलें नव्हतें तें घाटावर असें सुटलें.

मग आम्हीं तेथल्यासारखाच खेळ मांडला. कागदाच्या द्रोणांत काप ओतले आणि ओळखावयास सांगितलें. भूगोलाचे मास्तर प्रत्येक चवीला एकेक देश सांगत होते. ड्रॉइंगमास्तर खाऊन मान हलवीत, "आंबट आहे", "खारट आहे, कडवट आहे" म्हणत, आणि दुसरा कोणी कांहीं बोलला कीं "अगदीं बरोबर" म्हणत. इतक्यांत गणिताच्या मास्तरांना चेष्टा सुचली. त्यांनीं आमच्या घरच्या कापांतले, तिखट न लागलेले चार काप निवडून द्रोणांत घातले आणि म्हणाले, "ही म्हणे चॉकलेटची चव. वास घेऊन पाहा." ड्रॉइंगमास्तरांनीं द्रोण नाकाशीं नेला, डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाले, "हो, चॉकलेटच. छान वास आहे."

सगळे हंसले. आम्हीही हंसलों. आणि हंसतां हंसतां लेस्टरच्या त्या बाईंची चिमटी आम्हांस आठवली. आंबट, खारट, कडवट, गोड: एवढेंच ते सांगत होते. पदार्थाचें नांव त्यांनीं एकदांही स्वतः होऊन घेतलें नव्हतें.

आम्हीं हळूच विचारलें, "मास्तर, नाक कधींपासून गेलें?"

त्यांनीं द्रोण खालीं ठेवला. म्हणाले, "एकवीसच्या एप्रिलांत करोना झाला होता ना, तेव्हांपासून." अडीच वर्षें होत आलीं होतीं. घरीं कोणाला सांगितलें नव्हतें. आधीं वाटलें परत येईल. मग वाटलें, माणसें गेलीं तेथें आपण नाकाची काय कुरकूर करावी. दर सोमवारीं कोणी चहाचें कौतुक करी तेव्हां तेही करीत. दूध दोनदां करपलें, तें लक्ष नव्हतें म्हणून सांगितलें. "बाकी कांहीं नाहीं," ते म्हणाले, "नात झाली गेल्या वर्षीं. सगळे तिची टाळू हुंगतात. मीही हुंगतों." एवढें बोलून ते नदीकडे पाहत बसले. पाऊस नुकताच सरला होता आणि कृष्णेला गढूळ पाणी होतें.

कोणीच बोलेना. भूगोलाच्या मास्तरांनीं विचारलें, "घरांत दिवसां एकटेच असतां ना तुम्ही? गॅस सुटला तर कळेल कसा?" ड्रॉइंगमास्तर म्हणाले, "नाहीं कळणार." हा विचार त्यांच्या मनांत पूर्वीं येऊन गेला असावा, इतकें तें उत्तर शांत होतें.

दुःखाच्या जागीं आमच्या तोंडून पाठच निघतो, ही जुनी खोड आहे. आम्हीं सांगूं लागलों कीं, ऑक्सफर्डचे चार्ल्स स्पेन्स आणि त्यांचे सहकारी झाम्पिनी ह्यांनीं २००४ मध्यें लोकांना काप खावयास देऊन त्यांच्याच चावण्याचा आवाज त्यांना कानयंत्रांतून ऐकविला. आवाजांतील उंच पट्टी वाढविली कीं तोच काप लोकांना अधिक ताजा आणि कुरकुरीत वाटे. ह्या कामाबद्दल त्यांना २००८ मध्यें एक थट्टेचें पारितोषिकही मिळालें. म्हणजे काप थोडासा कानानेंही खाल्ला जातो. बोलतां बोलतां हें सांत्वन किती तोकडें आहे तें आम्हांस जाणवलें आणि आम्ही थांबलों.

परंतु ड्रॉइंगमास्तरांनीं एक काप उचलला, कानाजवळ नेऊन मोडला, आणि म्हणाले, "हा वहिनींचा." दुसरा मोडला. "हा विलायती." मग त्यांनीं उपरणें डोळ्यांवर बांधावयास सांगितलें. गणिताच्या मास्तरांनीं एकामागून एक दहा काप कानाशीं मोडले. दहाही त्यांनीं बरोबर सांगितले. उन्हांत वाळलेला काप जाड, तो एकदम टक् करून तुटतो. यंत्राचा काप पातळ, तो आधीं किंचित् कुरकुरतो आणि मग जातो, असा भेद त्यांनीं समजावून दिला. मग आम्हीं तिघांनीं उपरणें बांधून पाहिलें. आमचे सहा चुकले, भूगोलाचे सात.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं गणिताचे मास्तर साताऱ्याला जाऊन गॅस सुटल्यास शिटी वाजविणारें एक लहान यंत्र घेऊन आले आणि ड्रॉइंगमास्तरांच्या स्वयंपाकघरांत शेगडीच्या मागें स्वतः खिळा ठोकून बसविलें. तें यंत्र कशासाठीं, असें सुनेनें विचारल्यावर ड्रॉइंगमास्तरांना घरींही सगळें सांगावें लागलें. हॅगिसची पिशवी अद्याप आमच्याकडे न फोडतां पडून आहे. तिच्यावरील तारीख उलटून गेली; सौभाग्यवती ती टाकूं म्हणतात, आणि गणिताचे मास्तर, आधीं मी पाहतों, असें म्हणतात.